पन्नास सह्या आणा, मग बोला

गावच्या ग्रामसभेला तुम्ही कधी गेलाय का? खरं खरं सांगा. कुंभार पिंपळगाव असू द्या, शेजारचं जांब समर्थ असू द्या, नाहीतर घनसावंगी तालुक्यातलं दुसरं कुठलंही गाव. वर्षाला किमान चार ग्रामसभा घ्याव्याच लागतात, असा कायदा आहे. सभेला मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० जण, यातला जो आकडा कमी असेल तेवढी माणसं हजर पाहिजेत. नाही जमली, तर सभा तहकूब. आणि गंमत बघा, तहकूब झालेली सभा पुन्हा भरते तेव्हा गणपूर्तीची अटच उरत नाही. म्हणजे तुम्ही गेलात काय अन् नाही गेलात काय, सभा होतेच, ठराव होतातच, रजिस्टर भरतंच.

आता समजा तुम्ही गेलात. मागच्या रांगेतून उठून पाण्याच्या टाकीचा हिशेब विचारलात. कुठल्याही गावात पहिला प्रतिप्रश्न ठरलेला असतो. तू कोण रे विचारणारा? कोणाच्या वतीनं बोलायलास?

तुम्हाला गप्प बसवायलाच हे विचारतात, हे खरं. पण प्रश्न म्हणून तो वाईट नाही. दीडशे वर्षांपूर्वी पुण्यातल्या एका वकिलानं तो फार मनावर घेतला आणि त्याचं असं उत्तर शोधलं, की इंग्रज सरकारलाही त्याकडे काणाडोळा करणं जड गेलं. त्या वकिलाचं नाव गणेश वासुदेव जोशी. तुम्ही एमपीएससीची तयारी करत असाल तर ते तुम्हाला एका ओळीत पाठ असणार: सार्वजनिक सभा, पुणे, १८७०, ग. वा. जोशी, म्हणजेच सार्वजनिक काका. एका गुणाचा प्रश्न. त्या एका ओळीच्या आत काय काय दडलंय, ते आज बघू.

काकांचा जन्म ९ एप्रिल १८२८ चा, साताऱ्याचा. पेशवाई बुडून दहा वर्षं झाली होती. साताऱ्यात छत्रपतींची गादी नावाला का होईना शिल्लक होती, १८४८ साली तीही खालसा झाली. तेव्हा काका विशीत होते. म्हणजे आपल्या गावचं राज्य जाताना त्यांनी तुमच्याच वयात पाहिलं. घरची परिस्थिती बेताची. ते पुण्याला आले, नाझराच्या कचेरीत कारकुनी केली. सरकारी कचेरी आतून कशी चालते, अर्ज कुठे अडतो, कागद कुठे गहाळ होतो, हे तिथं दिसलं असणारच. पुढे परीक्षा देऊन १८६५ साली ते वकील झाले आणि पुण्यात त्यांची वकिली चांगली चालू लागली. इथपर्यंतची गोष्ट त्या काळच्या शेकडो होतकरू माणसांसारखीच आहे. बाकीच्यांनी वाडे बांधले आणि विषय संपला. काकांच्या बाबतीत मध्ये एक देवस्थान आलं.

पुण्याची पर्वती तुम्ही पाहिली असेल, निदान ऐकली तरी असेल. नानासाहेब पेशव्यांनी तिथं देवालय बांधलं. पेशवाई गेल्यावरही देवस्थानाचा खर्च चालावा म्हणून सरकारकडून रक्कम मिळत असे आणि कारभार पंच बघत. या पंचांच्या कारभाराबद्दल शहरात कुरबुर सुरू झाली. पैसा कुठे जातो, कसा जातो, कोणाला कळेना. गावातल्या देवस्थानाच्या जमिनीची, जत्रेच्या वर्गणीची अशी कुजबुज तुम्हीही पारावर ऐकली असेल. आपल्याकडे ती बहुधा पारावरच संपते.

पुण्यातल्या लोकांनी मात्र सभा भरवली. पंचांना विचारायचं तर कोणीतरी सगळ्यांच्या वतीनं विचारलं पाहिजे, हे ठरलं आणि या खटपटीत काका पुढे होते. तिथंच तो प्रश्न आला: तुम्ही कोण? आणि काम करता करता लोकांच्या लक्षात आलं, की असं विचारणारं कोणी फक्त पर्वतीपुरतं असून भागणार नाही. शेतसारा आहे, कर आहेत, कोर्टकचेऱ्या आहेत, जंगलाचे नियम आहेत. कायदे करणारे साहेब दूर आणि सोसणारी माणसं इथं, दोघांच्या मध्ये बोलणारं कोणीच नाही. २ एप्रिल १८७० रोजी पुणे सार्वजनिक सभा सुरू झाली ती अशी. अध्यक्ष म्हणून औंधचे श्रीमंत पंतप्रतिनिधी, आणि चिटणीस म्हणून राबायला काका.

आता खरी गोष्ट. अशा मंडळ्या त्या आधीही निघाल्या होत्या. मुंबईत बॉम्बे असोसिएशन होती, पुण्यातही एक प्रयत्न होऊन गेला होता. चार श्रीमंत, चार शिकलेले एकत्र यायचे, इंग्रजीत अर्ज लिहायचे. सरकार म्हणायचं, ही तुमची मतं झाली, रयतेची कशावरून? काकांच्या सभेनं नियमच असा केला, की ज्याला सभासद व्हायचंय त्यानं किमान पन्नास प्रौढ माणसांच्या सह्यांचा मुखत्यारनामा आणावा. हा माणूस आमच्या वतीनं सार्वजनिक कामात बोलेल, असं त्या पन्नास जणांनी लिहून द्यायचं. जात कोणतीही, धर्म कोणताही.

ही कल्पना वकिलाच्या डोक्यातली आहे हे लगेच कळतं. वकील कितीही हुशार असो, अशिलानं वकीलपत्र दिल्याशिवाय तो कोर्टात तोंड उघडू शकत नाही. सभेनं तोच कागद सार्वजनिक कामात आणला. वकीलपत्र नाही, तर बोलायचं नाही. पहिल्याच वर्षी ९५ सभासद झाले आणि त्यांच्यामागे सुमारे ६,००० माणसांच्या सह्या होत्या.

हे कोणत्या काळात चाललंय, ते लक्षात घ्या. गावात, तालुक्यात, जिल्ह्यात मतदान नावाची वस्तू नाही. मतदारयादी नाही, मतपेटी नाही, उमेदवार नाही. अशा वेळी पुण्याच्या पेठांमधून आणि आसपासच्या गावांतून माणसं दारोदार फिरून म्हणतायत, की माझ्या नावावर सही करा, मी तुमच्या वतीनं सरकारला विचारीन. कायदा नसताना घेतलेली ती निवडणूकच होती म्हणा ना. आणि यातली मेख अशी, की सही घेणारा त्या पन्नास जणांना बांधला गेला. उद्या बाजारात त्यातला कोणी भेटला आणि म्हणाला, काय हो, माझ्या साऱ्याचं काय केलंत, तर उत्तर द्यावं लागणार. सरकारला जाब विचारायचा तर आधी आपल्याला कोणीतरी जाब विचारू शकलं पाहिजे, ही अट काकांनी स्वतःच्याच गळ्यात बांधून घेतली. आजकाल समाजसेवक असं कार्ड छापून फिरणारे आपण बघतो. त्यांच्याकडे पन्नास सह्या मागून बघा एकदा.

अर्थात सगळं गोडगोड नव्हतं. सभेत सरदार होते, इनामदार होते, सावकार होते, आणि शिकलेल्या मंडळींत बहुतेक ब्राह्मण. त्याच पुण्यात महात्मा फुले राहत होते. १८७३ साली त्यांनी सत्यशोधक समाज काढला. सार्वजनिक हे नाव लावणाऱ्या या सभेत खरी रयत कुठे आहे, हा त्यांचा सवाल होता आणि तो त्यांनी अगदी कडक शब्दांत विचारला. शेतकऱ्याच्या नावानं बोलणारे स्वतः शेतकरी नाहीत, उलट त्यातले काही जण शेतकऱ्याला कर्ज देणारे, हे खोटं नव्हतं. सह्या सगळ्यांच्या घेता येतात, पण सही देणारा आणि घेणारा यांच्यातलं अंतर सहीनं मिटत नाही. मला तर वाटतं, काका आणि फुले हे दोघे एकत्र वाचावेत. एकानं विचारायची रीत घातली, दुसऱ्यानं विचारणाऱ्यांनाच विचारलं.

तरीही सभेनं काम काय केलं, ते बघाच. १८७१ साली महादेव गोविंद रानडे न्यायाधीश म्हणून पुण्यात आले. ते सरकारी नोकर, उघड पुढारीपण करता येईना. पण सभेची बुद्धी त्यांची आणि पाय काकांचे, असं जणू ठरून गेलं. त्याच सुमाराला ब्रिटिश पार्लमेंटनं हिंदुस्थानच्या जमाखर्चाची चौकशी करायला समिती नेमली होती. लंडनच्या त्या समितीपुढे मांडायला सभेनं स्वतःची उपसमिती नेमली आणि दख्खनच्या शेतसाऱ्याबद्दल, करांबद्दल माहिती गोळा केली. म्हणजे निव्वळ तक्रार करून ते थांबले नाहीत. सारा किती वाढला, कर्ज का वाढलं, याचे तपशील जमवून अहवाल तयार केला. तेव्हा साऱ्याची फेरआकारणी चालू होती, अनेक ठिकाणी सारा एकदम चढला होता, आणि शेतकरी सावकाराच्या दारात उभा होता. पुढे मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यात सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या, दस्तऐवज जाळले आणि ते लोण पसरलं. इतिहासाच्या पुस्तकात ज्याला दख्खनचे दंगे म्हणतात ते हेच. सभेच्या अहवालातला शेतकरी आणि सुप्याच्या बाजारात वह्या जाळणारा शेतकरी एकच होता.

याच वर्षांत सभेनं आणखी एक धाडसी अर्ज केला. आमच्यावर राज्य करणारं पार्लमेंट लंडनला आहे, तर तिथं आमचेही प्रतिनिधी असू द्या. हजारो लोकांच्या सह्या घेऊन तो अर्ज गेला. मिळालं काही नाही. पण ज्या गावात मतदान नाही तिथला माणूस लंडनच्या सभागृहात जागा मागतोय, यातली हिंमत बघा. सगळ्या देशात तेव्हा असं मागणारे हाताच्या बोटावर मोजण्याइतके.

आणि मग आला दुष्काळ.

दुष्काळ म्हणजे काय, हे मराठवाड्यातल्या पोरांना सांगायला नको. टँकर, छावण्या, जळालेल्या मोसंबीच्या बागा हे तुम्ही पाहिलंय, नाहीतर घरात ऐकलंय. पण १८७६ चा दुष्काळ वेगळ्याच मापाचा होता. पुणे, सातारा, सोलापूर, नगर हे जिल्हे होरपळले, खाली मद्रासपर्यंत आणि इकडे निजामाच्या मुलखातही तो पोचला. लाखो माणसं मेली. सरकारनं दुष्काळी कामं काढली, खडी फोडायची, रस्ते करायचे, तलाव खोदायचे. पण खर्च वाढतोय म्हणून कलकत्त्याच्या सरकारनं सर रिचर्ड टेंपल यांना पाहणीला पाठवलं आणि जानेवारी १८७७ मध्ये मजुरीचं नवं माप आलं. दिवसभर काम करणाऱ्या पुरुषाला एक पौंड धान्य आणि वर थोडे पैसे. एक पौंड म्हणजे साधारण ४५० ग्रॅम. घरी आईला विचारा, तेवढ्या ज्वारीच्या भाकरी किती होतात, आणि दिवसभर खडी फोडणाऱ्याला त्या पुरतील का. तुरुंगातल्या कैद्याला याहून जास्त मिळत होतं.

सभेनं अशा वेळी मोर्चा काढला असता तर तो दोन दिवसांत विरला असता. त्यांनी गावोगाव आपली माणसं धाडली. कुठे पीक गेलं, बाजारात धान्य काय भावानं आहे, जनावरं किती उरली, गाव सोडून किती गेले, कामावर मजुरी खरोखर किती हातात पडते, ही तालुक्या-तालुक्याची खबर पुण्याला येऊ लागली. ती मांडून सभा सरकारला पत्रामागून पत्र पाठवत राहिली. कलेक्टरचा अहवाल एक सांगायचा आणि सभेचं पत्र त्याच तालुक्याबद्दल दुसरं सांगायचं. सरकारच्या कागदाला कागदानंच उत्तर. ही पत्रं वर्तमानपत्रांत छापली जात, विलायतेपर्यंत जात. सरकारला ती खोटी म्हणता येईनात, कारण तपशील हाताशी होते.

आणि मग मजुरांनीच काम नाकारलं. मजुरी कमी केल्यावर दुष्काळी कामांवरची हजारो माणसं पोटात अन्न नसताना काम सोडून निघाली. या कमी मजुरीवर राबण्यापेक्षा घरी मेलेलं बरं, असं त्यांना वाटलं असणार. सभा त्यांच्या बाजूनं उभी राहिली, त्यांचं म्हणणं सरकारपुढे मांडत राहिली. याच टेंपलसाहेबांना त्याच वर्षी मुंबई इलाख्याचं गव्हर्नर केलं गेलं. म्हणजे ज्यांच्या मजुरीच्या हिशेबाला काका आव्हान देत होते, तेच आता सगळ्या इलाख्याचे मालक. काकांची पत्रं थांबली नाहीत.

याच दुष्काळाच्या ऐन भरात, १ जानेवारी १८७७ ला, दिल्लीत दरबार भरला होता. व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर करायचं होतं. लॉर्ड लिटन व्हाइसरॉय. राजेरजवाडे हत्तींवरून आले, हिरेमाणकं, जरी, तोफांच्या सलाम्या. इकडे दख्खनमध्ये माणसं मरत होती. त्या झगमगाटात पुण्याच्या सभेचा प्रतिनिधी म्हणून काका गेले ते हातानं कातलेल्या सुताचे जाडेभरडे पांढरे कपडे घालून. खादी म्हटलं की तुम्हाला गांधीजी आठवतात. गांधीजी तेव्हा सात वर्षांचे होते. काकांनी १८७२ च्या जानेवारीतच देशी वस्तूच वापरीन असा नेम घेतला होता आणि तो शेवटपर्यंत पाळला. देशी मालाची दुकानं काढण्याच्या खटपटी केल्या, लोकांना जोडलं. त्यांच्या मानानं आपण सेल लागला की ऑनलाईन काय मागवतो, ते तुमचं तुम्ही बघा.

दरबारात सभेनं मानपत्र दिलं. राणीचं अभिनंदन त्यात होतंच, पण मागणी अशी होती, की ब्रिटिश प्रजेला जे राजकीय आणि सामाजिक हक्क आहेत तेच इथल्या लोकांना मिळावेत. अभिनंदनाच्या पाकिटातून हक्काचा अर्ज! शिवाय काकांनी तिथं जमलेल्या इतर प्रांतांच्या मंडळींशी बोलणी केली, की आपण सगळ्यांनी असं अधूनमधून एकत्र यायला काय हरकत आहे. आठ वर्षांनी काँग्रेस स्थापन झाली. तिचं पहिलं अधिवेशन पुण्यात सार्वजनिक सभेकडेच व्हायचं होतं, कॉलऱ्याची साथ आली म्हणून ते मुंबईला हलवलं गेलं. ते बघायला काका नव्हते.

घरचंही थोडं सांगायला हवं. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई यांनी स्त्रीविचारवती सभा काढली. हळदीकुंकवाच्या निमित्तानं वेगवेगळ्या जातींच्या बायकांना एकत्र बोलवायचं, बोलायचं, वाचायचं. १८७० च्या दशकात पुण्यात हे करणं म्हणजे काय, याची कल्पना करा. पुरुषांच्या सार्वजनिक कामांची नोंद जेवढी झाली तेवढी या कामाची झाली नाही, एवढंच म्हणतो. काकांनी लवाद न्यायालयंही काढली होती, म्हणजे भाऊबंदकीचे, देण्याघेण्याचे तंटे कोर्टात न नेता मध्यस्थीनं मिटवायचे. वकिलानं स्वतःचंच गिऱ्हाईक कमी करायची ही तऱ्हा.

पण काकांची सगळ्यात मोठी परीक्षा १८७९ साली झाली. त्या वर्षी वासुदेव बळवंत फडक्यांनी रामोशी, धनगर, कोळी जवान गोळा करून इंग्रजांविरुद्ध बंड केलं. मे महिन्यात पुण्यात बुधवारवाडा आणि विश्रामबागवाडा पेटले. सरकारला सगळ्या पुण्याचाच संशय येऊ लागला. रानड्यांची बदली धुळ्याला झाली, सभेकडे बोटं दाखवली जाऊ लागली. जुलैत फडके पकडले गेले, खटला पुण्यातच उभा राहिला. आता विचार करा, सनदशीर मार्गानं, अर्ज करून, आकडे मांडून काम करणाऱ्या माणसानं अशा वेळी काय केलं असतं? सभा वाचवायची तर फडक्यांपासून चार हात दूर राहणं शहाणपणाचं होतं. शहरातले वकील पुढे यायला घाबरत होते. काका मात्र महादेव चिमणाजी आपटे यांच्याबरोबर फडक्यांचे वकील म्हणून उभे राहिले. फडक्यांचा मार्ग त्यांचा नव्हता. पण आरोपीला वकील मिळालाच पाहिजे, ही गोष्टसुद्धा सरकारला जाब विचारण्यातलीच. फडक्यांना जन्मठेप झाली, एडनला पाठवलं, तिथंच १८८३ साली ते गेले.

काका त्यांच्याआधीच गेले. २५ जुलै १८८०, वय ५२. दोन वर्षं पुरी व्हायच्या आतच, मे १८८२ मध्ये लॉर्ड रिपन यांनी स्थानिक स्वराज्याचा ठराव केला. नगरपालिका आणि लोकल बोर्डांत लोकांनी निवडून दिलेली माणसं असावीत, असं पहिल्यांदा सरकारनं धोरण म्हणून मान्य केलं. आज तुमच्या बोटाला जी शाई लागते तिचा एक धागा त्या ठरावापर्यंत जातो. आणि त्याच्या बारा वर्षं आधी पुण्यात लोक पन्नास-पन्नास सह्या गोळा करत हिंडत होते.

काकांची रीत सरकारला किती झोंबत होती, ते त्यांच्या माघारी दिसलं. १८९६ मध्ये पुन्हा दुष्काळ पडला. तोवर सभा टिळकांच्या हाती आली होती. या वेळी सरकारचाच दुष्काळ कायदा होता, त्यात पीक गेलं तर साऱ्याची सूट कधी मिळते वगैरे लिहिलेलं होतं. सभेच्या माणसांनी एवढंच केलं, की त्या कायद्यात काय लिहिलंय हे मराठीत छापून गावोगाव वाटलं, लोकांना समजावून सांगितलं. कायदा सरकारचा, पण लोकांना तो कळला हे सरकारला खपलं नाही. १८९७ साली सरकारनं सभेची मान्यताच काढून घेतली. यापुढे सभेच्या पत्राला उत्तर नाही.

हेच आपल्या काळात दुसऱ्या रूपानं पुन्हा घडलं. लोकसभा-विधानसभेच्या उमेदवारावर गुन्हे किती, मालमत्ता किती, शिक्षण किती, हे प्रतिज्ञापत्रात लिहून द्यावं लागतं ना? ते कोणा सरकारनं आपण होऊन दिलेलं नाही. अहमदाबादच्या आयआयएममधले काही प्राध्यापक १९९९ साली कोर्टात गेले, सुप्रीम कोर्टानं २००२ मध्ये त्यांच्या बाजूनं निकाल दिला. पक्षांनी मिळून कायद्यात बदल करून तो बोथट केला, २००३ मध्ये कोर्टानं तो बदल रद्द केला. तेव्हा कुठे ते कागद तुमच्या मोबाईलवर आले. निवडणुकीच्या दिवसांत ते किती जण उघडतात, हा वेगळा विषय.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं पुण्याचं. आपलं काय? बरोबर आहे. काकांची माणसं दुष्काळात फिरत होती तेव्हा नगर जिल्हा इंग्रजांच्या हद्दीत होता आणि कुंभार पिंपळगाव निजामाच्या. पाऊस हद्द बघून पडत नाही, पण सभेची पत्रं हद्दीपाशी थांबत. आपल्याकडच्या पणजोबांच्या उपासमारीचा तालुकावार हिशेब मांडणारी सभा नव्हती. पुढे तर निजाम सरकारनं १९२९ साली त्रेपन्न नंबरची गश्ती काढली, म्हणजे फर्मान, की परवानगीशिवाय जाहीर सभाच घ्यायची नाही. पुण्यात ज्या गोष्टीनं सुरुवात झाली, चार माणसांनी जमून विचारणं, त्यालाच इथं कुलूप. काकांची सभा निघाल्यावर ६७ वर्षांनी, १९३७ च्या उन्हाळ्यात, मराठवाड्यातली माणसं लोकांच्या अडचणींवर आणि हक्कांवर बोलायला पहिल्यांदा महाराष्ट्र परिषद या नावानं एकत्र जमली. पहिल्या अधिवेशनाचे अध्यक्ष गोविंदराव नानल. ती जमली ना औरंगाबादला, ना हैदराबादला. ती जमली परतूरला, तुमच्या शेजारच्या तालुक्यात. तेव्हा परतूर परभणी जिल्ह्यात होतं.